आबांना विचारा : नांगर मागितला, पलटी दाखवला

प्रश्न : आबा, सप्रेम नमस्कार. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, राहायला विश्रामबागेत. दोन मित्रांच्या नादानं गेल्या वर्षी रत्नागिरीकडच्या एका खाडीत चोवीस फुटी लाकडी शिडाची होडी घेतली. सगळं मिळून वजन दोन टनांच्या आसपास. होडीबरोबर आठ किलोचा, छत्रीसारखा मिटणारा चार काट्यांचा नांगर आला होता. नोव्हेंबरात एका रात्री वारा उठला आणि सकाळी बघतो तर होडी दोनशे पावलं सरकून वाळूच्या पट्टीवर कलंडलेली. शेजारच्या होडीचा तांडेल हसत म्हणाला, ‘मास्तर, ह्यो नांगर नाय, गळ हाय.’ चित्रात असतो तसा, वर आडवी दांडी आणि खाली दोन नखं असलेला जुना जड नांगर घ्या, असं त्यानं सुचवलं. मी सांगलीतली भंगाराची दुकानं पालथी घातली. नांगर म्हटलं की मला शेतातला पलटी नांगर दाखवतात. एकानं तर विचारलं, ‘ट्रॅक्टर किती एचपीचा आहे?’ असा नांगर मिळतो कुठे? किती किलोचा घ्यावा? एकदाच चाळीस किलोचा घेऊन टाकला तर कायमची काळजी मिटेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मास्तर, त्या भंगारवाल्याला हसू नका. त्याचा प्रश्न अर्धा बरोबरच होता. आपल्या भाषेनं रानातल्या आणि समुद्रातल्या वस्तूला एकच नाव ठेवलंय, कारण दोघांचं काम एकच आहे : जमिनीत घुसायचं, आणि ओढलं की आणखी घुसायचं. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, नुसता जड नांगर असून भागतं का? फाळाचा कल बिघडला असेल तर वर दोन माणसं बसवली तरी तो ढेकळांवरून घसरतच जाणार.

गंमत सांगतो. जेफ्री टेलर नावाच्या केंब्रिजच्या शास्त्रज्ञानं १९३३ साली पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी एक हलका नांगर काढला, तो थेट शेतातल्या फाळाच्या आकाराचा. नाव सीक्यूआर. ही तीन अक्षरं भरभर म्हटली की इंग्रजी ‘सिक्युअर’ ऐकू येतं, म्हणून ते ठेवलं. आज जगभरच्या लहान होड्यांवर त्याची भावंडं दिसतात. म्हणजे समुद्रातल्या नांगराला फाळ बसायला तिकडे १९३३ उजाडलं, आणि तुमच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९१० पासून लोखंडी नांगर तयार होत होते. एखाद्या किर्लोस्करवाडीकराला कुणी होडीत बसवलं असतं तर हा शोध कृष्णाकाठी लागला असता, असं मी आमच्या कट्ट्यावर नेहमी म्हणतो. कट्ट्यावरचे लोक ऐकून घेतात, कारण चहाचे पैसे मी देतो.

आता चाळीस किलोचं. घेऊ नका. मी नौदलात सीमनशिप शाखेत पंधरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी फोकसलवर, म्हणजे जहाजाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, जिथे नांगर आणि साखळी असते. पहिल्याच आठवड्यात आमच्या चीफनं विचारलं होतं, ‘जहाज कशानं थांबतं?’ आम्ही सगळे म्हणालो, नांगरानं. त्यानं सगळ्यांना साखळी घासायला बसवलं. मोठं जहाज बरंचसं त्याच्या साखळीवर थांबतं. तळाशी लोळत पडलेली ती साखळी ओढ आडवी ठेवते, आणि ओढ आडवी असेल तरच नांगराचं नख जमिनीत राहतं. ओढ वरच्या दिशेनं लागली की चाळीस किलो काय, चारशे किलोचाही उखडतो. शिवाय तुम्ही तिघं निवृत्त. पहाटे ओल्या दोरानं चाळीस किलो वर घ्यायची पाळी येईल तेव्हा तुमच्यातला एकजण कंबर धरून बसेल आणि बाकीचे दोघं एकमेकांकडे बघतील.

तांडेल म्हणाला तो नांगर कसा धरतो हे एकदा डोळ्यांसमोर आणा. चित्रकलेचे मास्तर आहात, तुम्हाला सोपं जाईल. मधला उभा दांडा. त्याच्या खालच्या टोकाला कमानीसारखे वाकलेले दोन हात, हातांच्या टोकाला पानासारखी चपटी नखं. वरच्या टोकाला कडी आणि कडीखाली आडवी दांडी. सगळी मेख त्या आडव्या दांडीत आहे. ती हातांच्या पातळीत नसते, त्यांच्याशी काटकोन करून असते. नांगर तळाला पडला की बऱ्याचदा दोन्ही हात जमिनीवर सपाट पडतात आणि दांडी उभी राहते. होडी मागे सरकते, साखळी ताणली जाते, उभी दांडी लटपटते आणि आडवी होते. ती आडवी झाली की एक हात वर, एक खाली. खालचं नख टोकावर उभं राहतं आणि ओढीबरोबर रुतत जातं. म्हणून दांडी हातांच्या पसाऱ्यापेक्षा लांब हवी. आखूड दांडीचा नांगर कुशीवर झोपतो आणि तसाच फरफटत येतो.

हा नांगर खडकात आणि शेवाळात राजा. टोकदार नख खडकाच्या फटीत जातं, शेवाळ फाडून खाली पोचतं. तिथे फाळवाले आधुनिक नांगर नुसते वरून घसरतात. पण मऊ चिखलात गोष्ट उलटी. एकच नख रुतलेलं असतं, ते अरुंद, आणि चिखल लोण्यासारखा कापला जातो. त्यामुळे आधुनिक फाळाच्या नांगरापेक्षा हा दीडपट-दुप्पट वजनाचा घ्यावा लागतो. तुमच्या होडीला फाळवाला दहा-बारा किलोचा पुरेल. जुन्या घाटणीचा घ्याल तर वीस ते चोवीस. तांडेल चुकला नाही, त्यानं अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं तुमच्या खाडीच्या तळाशी आहे.

तळ कसा ओळखायचा? गवंड्याचा ओळंबा घ्या. बुडाला कपडे धुवायचा साबण दाबून थापा आणि दोरीनं तळाला दोन-तीनदा आपटा. साबणाला वाळू चिकटून आली तर वाळू, काळं लोणी आलं तर गाळ, शिंपल्यांचा चुरा आला तर तोही दिसतो. काहीच आलं नाही आणि साबणावर नुसता खड्डा पडला असेल तर खाली खडक आहे. जुने खलाशी याच कामाला शिशाच्या बुडाशी चरबी भरत. दोरीला दर वावावर गाठ मारा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून मापलेली लांबी, सहा फूट धरा. खोलीही लगे हाथ कळते.

खाडीत गाळच निघाला आणि होडी कायम तिथेच राहणार असेल तर फाळवाला बारा किलोचा घ्या आणि जुन्याचा नाद सोडा. पण तुम्ही ती होडी खाडीत डुलवत ठेवायला घेतली नसणार. कोकणच्या किनाऱ्यानं चाललात की जागोजाग पाण्याखाली खडक आहे, मालवणच्या आसपास तर जास्तच. तिथे दुपारच्या भाकरीला थांबायचं तर हाच नांगर लागतो. दोन्ही असावेत हे खरं उत्तर. एकच परवडणार असेल तर जुन्या घाटणीचा घ्या आणि नखं जरा रुंद करून घ्या.

मिळतो कुठे? मुंबईत रे रोडला दारूखान्यात जहाजांचं भंगार विकणारी दुकानं आहेत. गुजरातेत भावनगरजवळच्या अलंगला १९८३ पासून जहाजं तोडतात, तिथेही रस्त्याच्या कडेनं मैलोन् मैल जहाजातल्या सामानाची दुकानं आहेत. पण मोठ्या जहाजाचा नांगर काही टनांचा असतो आणि त्याला आडवी दांडीच नसते. तुमच्या मापाचा तिथे नशिबानं मिळाला तर मिळाला. मला विचाराल तर आधी मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा बंदरांत हिंडा. दुकानांत विचारत बसू नका, होडी बांधणाऱ्या सुतारांना विचारा. जुनी शिडाची गलबतं मोडली तेव्हा लाकूड चुलीत गेलं, पण नांगर कुणी जाळत नाही. एखाद्या घराच्या मागच्या अंगणात म्हैस बांधायला पडलेला असतो. किल्ल्याजवळच्या पाण्यातून काढलेला, गंजून पापुद्रे सुटलेला नांगर कुणी स्वस्तात देऊ लागला तर मात्र हात लावू नका. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. तिची जागा संग्रहालयात, तुमच्या नाळेवर नाही.

जुना मिळाला की तीन गोष्टी बघा. तारेच्या ब्रशनं हात आणि दांडा जुळतात तो सांधा साफ करा. तडा असेल तर तिथेच असतो. मग नांगर दोरानं अधांतरी टांगा आणि हातोडीनं वाजवा. घडीव आणि निरोगी असेल तर देवळातल्या घंटेसारखा लांब नाद येतो. बद्द आवाज आला तर परत ठेवा. शेवटी कडीचं भोक बघा. वर्षानुवर्षं घासून ते लंबगोल झालेलं असतं, वरच्या बाजूला पातळ राहिलं असेल तर पहिल्या झटक्याला कडी तुमच्या हातात आणि नांगर समुद्रात.

हे शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही. नौदलातून आल्यावर चुलतभावाच्या होडीसाठी हमरस्त्याकडेच्या एका भंगारवाल्याकडून मी स्वतः असा ‘जुना जहाजी’ नांगर आणला. काळाभोर, वजनदार, बघताच प्रेमात पडावा असा. वाजवून बघायचं सुचलं नाही, कारण नौदलातला माणूस म्हणून माझी मान जरा ताठ होती. पहिल्याच खडकात अडकला, जोर लावून ओढला, तर एक हात केळीच्या दांड्यासारखा वाकून वर आला. फाटलेल्या बाजूनं आतून वाळू गळत होती. पाइप वाकवून, आत वाळू भरून, तोंडाला पत्रा मारलेला. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायला बनवतात तसला. भंगारवाल्याकडे परत गेलो तर तो म्हणाला, ‘फौजी, तुम्ही पाण्यात टाकणार हे सांगितलं कुठं?’ यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

म्हणून माझा सल्ला, मास्तर : फार शोधू नका, करून घ्या. तुम्ही सांगलीत राहता. कुपवाडला, मिरजेला एमआयडीसीत उसाच्या चरकापासून ट्रेलरच्या हुकापर्यंत सगळं बनवणारी वर्कशॉपं आहेत. तुम्ही नीट चित्र काढून द्याल, हा तुमचा फायदाच. वर्कशॉपवाल्याला ‘ॲंकर’ म्हणू नका, तो भिंतीत ठोकायचा बोल्ट दाखवील. चित्रच दाखवा.

वजनाचा हिशेब तो तोंडावर करील : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. चाळीस मिलिमीटरचा राउंड बार मीटरला ९.९ किलो भरतो. मधला दांडा एक मीटर घ्या, हे झाले ९.९. दोन्ही हात मिळून कमानीवरून ७० सेंटिमीटर, त्याच बारचे, ते ६.९. आडवी दांडी २५ मिलिमीटरची, लांबी एक मीटर, ३.९. नखांना दहा मिलिमीटरची प्लेट, रुंदी १२ आणि लांबी १५ सेंटिमीटर, दोन मिळून २.८. वरची कडी १६ मिलिमीटर बारची, अर्धा-पाऊण किलो. बेरीज चोवीस किलो. तुम्हाला हवं तेवढंच.

करताना जपायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या सोडू नका. ओतीव बीड वापरू देऊ नका. बीड जड आणि स्वस्त, पण खडकात अडकून झटका बसला की काचेसारखं तुटतं. दोन हात वेगवेगळे तोडून मध्ये जोडायचे नाहीत. एकच बार भट्टीत लाल करून कमानीत वाकवायचा आणि त्याच्या पोटावर दांडा बसवायचा. म्हणजे सगळा ताण एका वेल्डवर येत नाही. ग्राइंडरनं दांड्याच्या टोकाला दोन्हीकडून उतार देऊन वेल्ड आतपर्यंत भरायचा, ७०१८ चा रॉड, कोरडा करून घेतलेला. वरून नुसती शिवण मारलेली चालणार नाही. दोन्ही बगलांत त्रिकोणी पट्ट्या लावायच्या. आडवी दांडी मात्र वेल्ड करायची नाही. ती दांड्यातल्या भोकातून सरकली पाहिजे : एका बाजूला अडणी, दुसऱ्या बाजूला खीळ. खीळ काढली की दांडी ओढून काढायची, दांड्याला लागून ठेवायची, आणि अख्खा नांगर सपाट होऊन फळीखाली जातो. खीळ छोट्या साखळीनं नांगरालाच बांधून ठेवा, नाहीतर पहिल्या महिन्यात हरवते. तिच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर खुपसलेले नांगर मी पाहिलेत.

रंग देण्याआधी वर्कशॉपमागच्या वाळूच्या ढिगात नांगर टाका, दोर बांधा आणि जमिनीलगत ओढा. दांडी आडवी होऊन नख आत जातंय का बघा. दहा वेळा वेगवेगळ्या कुशीवर टाका. दहाही वेळा वळला पाहिजे. मग चेन पुली लावून, दुसरं टोक पक्क्या खांबाला अडकवून, जोरात ताणा. पाहणाऱ्यांना बाजूला उभं करा. सगळं ठीक असेल तर हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला द्या. विजेच्या खांबांचं सामान जस्तात बुडवतात तिथे हे होतं. ऑइलपेंट खडकावर एका दिवसात निघतो.

आता साखळी, जिच्यावर तुम्ही पत्रात एक शब्दही लिहिलेला नाही. माझ्या मते तुमची होडी तिथेच वाहून गेली. आठ किलोच्या नांगराला तुम्ही थेट दोर बांधला असणार, खरं ना? आठ मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला साधारण १.४ किलो. पंधरा मीटर घ्या, म्हणजे २१ किलो. जवळजवळ आणखी एक नांगर. तिच्या पुढे १४ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर, चाळीस मीटर. नायलॉन ताणला जातो, झटका गिळतो आणि पाण्यात बुडतो. मासेमारीच्या दुकानातला निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो पण तरंगतो, आणि रात्री कुणाच्या तरी इंजिनाच्या पंख्यात जातो.

किती सोडायचं? ओहोटीला तीन मीटर पाणी असेल तर त्यात उधाणाचे दोन-अडीच मीटर मिळवा, होडीच्या नाळेची उंची एक मीटर. झाले साडेसहा. साखळी आणि दोर मिळून त्याच्या पाचपट, म्हणजे बत्तीस-तेहतीस मीटर सोडा. वारा वाढला की सातपट, पंचेचाळीस. त्या नोव्हेंबरच्या रात्री तुम्ही किती सोडला होता, आठवतं? बहुतेक लोक ‘तळाला लागला’ की थांबतात. तळाला तर दगडही लागतो.

नांगर टाकताना ढिगानं सोडू नका. होडीला वाऱ्यानं मागे जाऊ द्या आणि साखळी लांबत जाईल तशी सोडा. शेवटी इंजिन असेल तर उलट्या चालीत हळू ओढून बघा. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, माड आणि त्यामागचं देवळाचं शिखर, काहीही. पाच मिनिटांनी रेष फुटली नाही तर झोपा. मध्येच हात साखळीवर ठेवा. धरलेल्या नांगराची साखळी शांत ताणलेली असते. सरकणाऱ्याची खालून खरखरत, धडधडत येते. ती थरथर एकदा हाताला कळली की जन्मभर ओळखू येते, झोपेतसुद्धा.

शॅकलची, म्हणजे साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची, पिन मऊ तारेनं बांधायला विसरू नका, ती आपोआप सुटते. आणि नांगर खडकात टाकणार असाल तर त्याच्या खालच्या टोकाला, दोन हात जुळतात तिथे, वेगळी दोरी बांधून वर बोया, म्हणजे तरंगती खूण, सोडा. अडकला की बोया धरून उलटा ओढायचा, आला त्या वाटेनं निघतो.

ही बोयाची गोष्ट मी दुसऱ्यांना सांगायचो, स्वतः करायचो नाही. आमचं मूळ गाव जावळीतलं, कोयनेच्या शिवसागरात गेलं. माझा जन्म वरच्या वस्तीतला, खालचं गाव मी फक्त आजीच्या तोंडून ऐकलेलं. एकदा दिवाळीनंतर चुलतभावाच्या होडीत होतो, पाणी भरपूर होतं. नांगर टाकला तो खाली कशात तरी बसला की बसलाच. दोघांनी चारी दिशांनी ओढला. बोया नव्हता. शेवटी भावानं कोयत्यानं दोर तोडला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पुढच्या मे महिन्यात पाणी उतरलं, चिखलातून जुन्या वाटा वर आल्या. आम्ही चालत खाली गेलो. नांगर शेताच्या एका दगडी बांधात, तालीत अडकलेला होता, दोन दगडांच्या मध्ये नख असं बसलेलं की गवंड्यानंच बसवावं. भाऊ म्हणाला, ही आपल्या आज्याची ताल. पहारीनं एक दगड सैल करून नांगर काढला. काढल्यावर भावानं दगड परत जागेवर बसवला. पाण्याखालच्या शेताची ताल, पण बसवला.

तुमचं चित्र तयार झालं की पाठवा, मापं तपासून देतो.

प्रश्न : आबा, मी कराडजवळ नदीत लहान होडीतून हौसेनं गळ टाकतो. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात निम्म्यापर्यंत सिमेंट काँक्रीट ओतून, वर कडी बसवून नांगर केलाय. साधारण वीस किलो भरतो. चालेल ना?

उत्तर : शांत डोहात, वारा नसताना, चालेल. पण तुमचा वीस किलोचा नांगर पाण्यात बारा किलोचाही राहत नाही. काँक्रीट पाण्यापेक्षा साधारण २.४ पट जड. बुडाल्यावर चाळीस टक्क्यांहून अधिक वजन पाणीच उचलतं. लोखंड आठव्या हिश्शानं हलकं होतं, वीसचं साडेसतरा राहतं. आणि डबा कशातच घुसत नाही, नुसता बसतो. जुन्या लोकांनी दगडाचे नांगर वापरले खरे, द्वारकेच्या समुद्रात ते सापडलेत. पण त्यातल्या तीन भोकांच्या नांगरांत खालच्या दोन भोकांतून लाकडी खुंट्या आरपार घातलेल्या असत. दगड बुडवायला, खुंट्या रुतायला. तुमचं काँक्रीट ओलं असतानाच चार सळ्या तिरक्या बाहेर काढल्या असत्या तर निम्मं काम झालं असतं. पुढच्या डब्याला करा.

एक गोष्ट मात्र आजच करा : दोर होडीच्या पुढच्या टोकालाच बांधा. वाहत्या पाण्यात मागून किंवा बाजूनं बांधला तर प्रवाह होडीचं ते टोक खाली दाबतो, पाणी आत येतं आणि होडी उलटायला वेळ लागत नाही. दोर पटकन सोडता येईल अशा गाठीनं बांधा, जवळ सुरी ठेवा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा झाला की नांगर उचलत बसू नका. दोर तोडा आणि काठ गाठा, डबा दुसरा मिळतो.

प्रश्न : आमच्या साताऱ्यातल्या सोसायटीत नौदलातून निवृत्त झालेले एक सभासद होते, त्यांच्या आठवणीसाठी फाटकाजवळच्या भिंतीवर नांगर लावायचा आहे. कारागिरानं नांगराला साखळी गुंडाळून दाखवली. काहीजण म्हणतात हे अशुभ. तुमचं मत?

उत्तर : अशुभ नाही, पण खलाशाला बघवत नाही. भरती-ओहोटीला होडी गोल फिरते तेव्हा वर राहिलेल्या नखाला साखळीचा वेढा बसतो आणि नांगर उपटून निघतो. ब्रिटिश आरमाराच्या जुन्या चिन्हात असा दोर गुंडाळलेला नांगर आहे, दिसायला छान म्हणून. आपल्या नौदलाचा २ सप्टेंबर २०२२ ला आलेला नवा ध्वज बघा : छत्रपती शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, आत नांगर, त्यावर राष्ट्रचिन्ह, खाली ‘शं नो वरुणः’. साताऱ्याच्या भिंतीला ते जास्त शोभेल. साखळी लावायचीच तर कडीपासून सरळ खाली सोडा.

आणि कारागिराला आडवी दांडी कुठे लावलीय ते विचारा. शोभेचे नांगर करणारे बहुतेक जण ती हातांच्याच पातळीत वेल्ड करतात, कारण तसा नांगर भिंतीला चिकटून बसतो. असा नांगर पाण्यात कधीच वळणार नाही, आणि तुमच्या त्या सभासदांना ते पहिल्या नजरेत दिसलं असतं. दांडी काटकोनात असू दे, पण सरकती करा. खीळ काढून ती उभ्या दांड्याला समांतर बांधा, मग भिंतीला नीट टेकेल. जहाजावरही तो असाच ठेवतात.